अ‍ॅनाचा नळ

थिर्झा पॅस्कोला माणसांची शिसारी आली ती संडास धुताधुता नव्हे. संडास तर ती तरुणपणापासून धूत होती. लोक काय काय करून ठेवतात आणि कुठे कुठे करून ठेवतात, हे तिला इतकं पाठ होतं की हातमोजे चढवताना ती चर्चमधली गाणी गुणगुणायची. घाण म्हणजे घाण. पाणी मारलं, ब्रश फिरवला, संपलं. तिला खरी ओकारी आली ती पुढे, चांगल्या कपड्यांतल्या, पांढऱ्याशुभ्र दातांच्या माणसांची. आणि तीही स्वच्छ पडत्या पाण्यासमोर उभं राहून.

थिर्झा सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या कुशीतल्या पेनहॉल गावची. कधीकाळी समुद्रापलीकडच्या कॉर्नवॉलमधून सोन्याच्या मागे आलेल्या खाणकऱ्यांनी वसवलेलं गाव. सोनं संपलं, खाणी बुजल्या. आडनावं राहिली, मेथडिस्ट चर्च राहिलं, आणि मांस, बटाटा, कांदा भरून भाजलेली ती जाडजूड करंजी, पेस्टी, तेवढी राहिली. गावाच्या डोक्यावर कडा आणि कड्यावरून पडणारी लाँग अ‍ॅना. खाणकऱ्यांत म्हणे अ‍ॅना नावाची एक ताडमाड धोबीण होती, केस मोकळे सोडून फिरायची, तिचं नाव त्यांनी धबधब्याला दिलं. खरंखोटं कोण जाणे. पण गावात कुणी ‘धबधबा’ म्हणत नसे. “अ‍ॅना आली का?”, “यंदा अ‍ॅना फार ओरडतेय”, “अ‍ॅना रोडावली” असंच, घरातल्या आत्याबाईबद्दल बोलावं तसं.

थिर्झाचा बाप जोरी रस्त्यावरचा बर्फ लोटणारी गाडी चालवायचा. तिच्या लहानपणी घराचं दार बर्फाखाली जायचं आणि पोरं माडीच्या खिडकीतून शाळेला निघायची. तोच बर्फ वर डोंगरमाथ्यावर बसून राहायचा. कणगीतलं धान्य शहाणी बाई जसं पुरवून पुरवून काढते, तसा डोंगर तो बर्फ उन्हाळाभर पुरवून पुरवून खाली सोडायचा. मे महिन्यात अ‍ॅना गर्जायला लागली की घरांच्या काचा थरथरायच्या. रविवारी चर्चमध्ये पाद्री काय सांगतो ते मागच्या बाकांवर ऐकू यायचं नाही, आणि म्हणूनच मागचे बाक आधी भरायचे. ऐन ऑगस्टात तिच्या पायथ्याशी गेलं तरी अंगावर शहारा यायचा आणि पापण्यांवर थेंब जमायचे.

लग्न असं थिर्झाचं झालंच नाही. डेल नावाचा एक कडे चढणारा गडी एका उन्हाळ्यात आला, अ‍ॅनाशेजारच्या कड्याला दोर लावून लोंबकळला, थिर्झाच्या हातच्या पेस्ट्या खाल्ल्या, आणि पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या डोंगराकडे निघून गेला. मागे राहिली केरा, त्या दोघांची लेक. पोटासाठी थिर्झाने अ‍ॅनाभोवतीच्या सरकारी उद्यानात काम धरलं. आधी उपाहारगृहात, मग सफाईत, कारण सफाईवाल्यांना बारमाही काम होतं आणि फाटकाजवळ राहायला दोन खोल्या होत्या. केरा त्या दोन खोल्यांत वाढली, शिकली, आणि रीनो शहरात दाताच्या डॉक्टरकडे कामाला लागली. थिर्झा मागे राहिली. होता होता ती सफाईच्या टोळीची मुकादम झाली.

अ‍ॅना कधीपासून आटायला लागली हे गावात कुणाला नेमकं सांगता यायचं नाही. घरातलं माणूस खंगत जातं तेव्हा घरच्यांना कुठे कळतं? एका हिवाळ्यात जोरीची गाडी अंगणात नुसती उभी राहिली, तिच्या पात्याखाली मांजर व्यायली, तेव्हा लोक हसले. मग तसे हिवाळे येतच राहिले. आभाळातून पडायचं ते पडत होतं, पण पाऊस म्हणून. आणि पाऊस काही डोंगरावर ठाण मांडून बसत नाही. आला तसा धावत खाली जातो. अ‍ॅनाचा ऑगस्ट गेला. मग जुलै गेला. जूनच्या अखेरीला कड्यावर नुसता एक काळा ओघळ दिसायचा, भिंतीवरून गळक्या मोरीचं पाणी उतरावं तसा.

उद्यानाच्या दुकानातल्या पोस्टकार्डांवर मात्र जुनीच अ‍ॅना होती, भरलेली, मोकळ्या केसांची. ती चित्रं बघून लोक यायचे, समोर कोरडा खडक बघायचे, आणि ज्याच्या अंगावर उद्यानाचा गणवेश दिसेल त्याला धरायचे. तो गणवेश बहुतेक वेळा थिर्झाचाच असायचा, हातात बादली.

एकदा ओहायोहून आलेल्या एका बाईने तिला संडासाच्या दारात अडवलं.

“अहो, धबधबा कधी सुरू करता?”

“मी नाही हो सुरू करत, बाईसाहेब.”

“मग कोण करतं? त्यांना बोलवा. आम्ही इतक्या लांबून आलोय, पोरं कंटाळलीत.”

“वर बर्फच नाही. बर्फ नाही म्हणून पाणी नाही.”

“बर्फाचं मला काय सांगता? तुमच्या फलकावर स्पष्ट लिहिलंय, धबधबा. निदान अर्धा तास तरी सोडा!”

थिर्झाने ही गोष्ट त्या संध्याकाळी ऑरेलियोला सांगितली. ऑरेलियो बाका उद्यानातलं नळकाम बघायचा. तिच्याहून वयाने थोडा मोठा, गुडघे गेलेला, मिश्या पिवळ्या पडलेला, आणि दुपारचं जेवण तिच्याच ओट्यावर बसून जेवणारा. तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

“मुकादमीणबाई, मग सोडायचं की जरा! चावी कुठाय त्याची?”

तेव्हा दोघं हसली. पुढे या थट्टेची आठवण झाली की दोघांनाही हसू येईना.

ज्या वर्षी अ‍ॅनाखालचा डोह पहिल्यांदा पुरता आटला, त्या वर्षी थिर्झाच्या टोळीला तो साफ करायला उतरवलं. पाणी होतं तेव्हा तो डोह हिरवानिळा, काचेसारखा दिसायचा. लोक त्याच्याकडे बघून उसासे टाकायचे. पाणी गेलं आणि वर्षानुवर्षांचं पोट उघडं पडलं. पोरांची लंगोटं, फुगलेली, दगडाला चिकटलेली. दारूच्या बाटल्या, चष्मे, फोन, चपला, एक दातांची कवळी, वापरून गाठ मारून फेकलेली रबरं, आणि नवस बोलून टाकलेली नाणी, शेवाळाने बुळबुळीत झालेली. आणि डबे. झाकण न उघडताच लोकांनी आपापल्या मेलेल्या माणसांची राख डब्यासकट भिरकावली होती. एका डब्यावर ‘लाडक्या बाबांना’ असं लिहिलेलं होतं, आणि त्यावर कुणाच्या तरी उलट्या लंगोटाने बूड टेकलं होतं. थिर्झाने तो डबा हातात घेतला आणि पुसून बाजूला ठेवला.

“इतक्या जणांनी या पाण्याला सुंदर म्हटलं,” ती ऑरेलियोला म्हणाली, “आणि हे सगळे त्यात थुंकून गेले.”

बाबांची राख तिने वर सीडरच्या झाडाखाली ओतली. बाकीच्या डब्यांचीही. नाणी मात्र मोजूनमापून कार्यालयात जमा करावी लागली, कारण तसा निरोप होता. निरोप प्रेस्टनचा.

प्रेस्टन हा नव्या ठेकेदार कंपनीचा माणूस. उद्यान सरकारी असलं तरी चालवायला कंपनीकडे दिलेलं, आणि कंपनीने ते चालवायला प्रेस्टनकडे दिलेलं. वयाने केराएवढाच, गोरागोमटा, बूट कधी मळलेले नाहीत. बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची खोड, आणि ‘आपण सगळे एक कुटुंब’ हे पालुपद. थिर्झाच्या खांद्यावर त्याने हात ठेवला की तिला वाटायचं, पाल पडली.

त्यानेच हिवाळ्यात सगळ्यांना उपाहारगृहात जमवलं, गोड पाव वाटले, आणि योजना सांगितली. वरच्या कुरणात झरा होता. त्या झऱ्याचं पाणी टाकीत येई, टाकीत औषध पडे, आणि तिथून तंबू ठोकून राहणाऱ्यांच्या नळांना आणि संडासांना जाई. आता त्या टाकीपासून कड्याच्या माथ्यापर्यंत एक नळ जाणार होता. जाड नळ, खडकाच्या रंगाने रंगवलेला, झुडपांतून नेलेला. शनिवार-रविवार आणि सुट्टीच्या दिवशी पंप चालवायचा. अ‍ॅना वाहील.

“म्हणजे खोटी?” मागून ऑरेलियोने विचारलं.

“खोटी कशी?” प्रेस्टन हसला. “पाणी खरं, खडक खरा, उंची खरी. आपण फक्त निसर्गाला हात देतोय. आजारी माणसाला आपण सलाइन लावतोच ना?”

“आणि आमच्या संडासांना पाणी?” थिर्झाने विचारलं.

“त्याचा विचार झालाय, थिर्झा. वरच्या बाजूचे संडास बंद. तिथे प्लास्टिकच्या खोल्या ठेवू, औषधावर चालणाऱ्या. पाणी लागतच नाही. आणि एक विनंती, कुटुंबातली गोष्ट कुटुंबात राहू दे. लोक आनंदासाठी येतात. त्यांचा आनंद आपण का हिरावून घ्यायचा?”

गावात दुसरं काम नव्हतं. थिर्झानेही गोड पाव खाल्ला.

उन्हाळा लागला. शनिवारी सकाळी पंप घरघरला, नळ थरथरला, आणि कड्यावरून पाणी सुटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! थिर्झाचा जन्म त्या गावात गेला, अ‍ॅनाला बघून लोक गप्प झालेले तिने पाहिले होते, टोप्या काढलेले पाहिले होते. टाळ्या कुणी वाजवल्या नव्हत्या. नवराबायको फोटो काढत होते. उपाहारगृहात ‘अ‍ॅना पुन्हा आली’ असं छापलेले सदरे टांगले होते. आणि वरच्या बाजूला, प्लास्टिकच्या निळ्या खोल्यांपुढे, उन्हात रांग लागली होती. आतलं औषध दुपारपर्यंत हरायचं. माश्यांचा काळा पडदा दारावर बसायचा. पोरं दार उघडायची, नाक धरून मागे पळायची आणि झुडपांत जाऊन बसायची. झुडपं कुणी साफ करायची? थिर्झाच्या टोळीने. हात धुवायला पाणी नव्हतं, चिकट जेलीची बाटली होती. आणि तिथून शंभर पावलांवर पाणी नुसतं खडकावर आपटून वाया जात होतं, लोकांना फोटोत पांढरं दिसावं म्हणून.

डोहाचा तळ दिसायचा, तो लोकांना आवडेना. म्हणून प्रेस्टनने रंगाचे कॅन मागवले. गोल्फच्या मैदानांतल्या तळ्यांत ओततात तसला निळा रंग. दर शुक्रवारी तो डोहात कालवायचं काम थिर्झाकडे आलं. पहिल्या शुक्रवारी कॅन हिंदकळला आणि तिचे हात मनगटापर्यंत निळे झाले. साबणाने गेले नाहीत, खडबडीत दगडाने घासूनही गेले नाहीत. रात्री केराचा फोन आला तेव्हा ती त्या हातांकडेच बघत होती.

“आई, सोड ते काम. इकडे ये माझ्याकडे.”

“आणि तिथे काय करू? तुझ्या डॉक्टरच्या रोग्यांचे दात घासू?”

“तिथे तरी तू काय करतेस?”

“नाटकात काम करते,” थिर्झा म्हणाली. “पडदा रंगवायचं.”

तिने ते काम सोडलं नाही. सोडायला हवं होतं हे तिला कळत होतं, आणि कळत असून ती दर शुक्रवारी कॅन उचलत होती, याचा तिला प्रेस्टनपेक्षा जास्त तिटकारा यायला लागला. आरशात बघून केस विंचरणं तिने बंद केलं.

तशात जुलैच्या एका रविवारी सॅडलर नावाचं म्हातारं जोडपं आलं. नवरा लेलँड, ताठ, टापटीप, टाय बांधून आलेला. बायको ओपल चाकाच्या खुर्चीत, अंगावर लोकरीची शाल, डोळ्यांवर दुधासारखा पडदा. तिला प्रकाश आणि सावली एवढंच कळायचं. उतारावर खुर्ची आवरेना म्हणून लेलँडने हाक मारली आणि थिर्झाने बादली खाली ठेवून खुर्ची धरली.

“आमचं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही इथे आलो होतो,” लेलँड सांगत होता. “इथेच, या कठड्याशी. ही चिंब भिजली होती. आता हिला फार दिवस नाहीत. म्हणाली, एकदा तोंडावर तुषार घ्यायचेत. मी फोन करून विचारलं, अ‍ॅना आहे ना? तर म्हणाले, आहे, या.”

“कुणी सांगितलं?”

“कार्यालयातून. फार गोड बोलला तो तरुण.”

थिर्झाच्या तोंडाला कडू पाणी सुटलं. तिने खुर्ची कठड्यापर्यंत नेली. वाऱ्याबरोबर तुषार आले. ओपलने मान वर केली, तोंड उघडलं, लहान पोरीसारखं. लेलँडने रुमाल काढून डोळ्यांना लावला. थिर्झा मागे सरली. वाटलं, असू दे. म्हातारीला काय कळणार? तेवढंच समाधान.

मग ओपलच्या कपाळाला आठी पडली.

“लेलँड, आपण अंघोळीच्या ठिकाणी आलोय का?”

“नाही गं, अ‍ॅनापाशी आलोय. ऐकू येतेय ना?”

“ऐकू येतेय. पण वास तसला येतोय. पोहायच्या तलावाचा. ती अशी नव्हती. तिला बर्फाचा वास होता, दगडाचा.” तिने जीभ ओठावरून फिरवली. “आणि हे कोमट आहे.”

“तुझं आता वय झालं, राणी. वास कमी येतो.”

“डोळे गेलेत माझे. नाक शाबूत आहे.”

आणि तेवढ्यात अ‍ॅना खोकली. दुसरा शब्दच नाही. टाकीतलं पाणी संपलं होतं, पंप हवा ओढायला लागला होता. कड्यावरून एक फवारा उडाला, थांबला, पुन्हा उडाला, नळाने हवा सोडल्याचा एक मोठा ओंगळ आवाज सगळ्या दरीत घुमला, आणि पाणी बंद झालं. खडकावरून शेवटचे ओघळ खाली आले. कठड्याशी उभी असलेली माणसं एकमेकांची तोंडं बघायला लागली. मग कुणीतरी फिदीफिदी हसलं.

“काय झालं?” ओपल म्हणाली. “लेलँड, काय झालं? ती कुठे गेली?”

लेलँडने थिर्झाकडे बघितलं. “बाई, काय झालं हो?”

थिर्झाने सांगून टाकलं. “टाकी रिकामी झाली. ती अ‍ॅना नाही. अ‍ॅना जूनमध्येच आटली. हे टाकीचं पाणी आहे, पंपाने वर चढवलेलं. त्यात जंतू मारायचं औषध घातलेलं असतं. आजींना वास आला तो त्याचा.”

लेलँडचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. पण तो संतापला तो थिर्झावर.

“तुम्हाला काय गरज होती हे सांगायची? दोन मिनिटं गप्प बसता आलं नाही? तिच्यासाठी मी एवढं...”

“लेलँड,” ओपल म्हणाली, “तिच्यावर ओरडू नकोस. या सगळ्यांत एकटी तीच माझ्याशी खरं बोलली.” आणि शालीने तोंड पुसायला लागली. पुन्हा पुन्हा पुसत राहिली, अंगावर कुणी नको ते उडवल्यासारखी.

ते बघून थिर्झाच्या आतलं काहीतरी सुटलं. ती वळली. कठड्यापाशी गर्दी जमली होती. कुणी पैसे परत मागायच्या गोष्टी करत होता, कुणी फोन उंच धरून चित्रण करत होता. ती एवढ्या मोठ्याने बोलली की तिचा तिलाच आवाज ओळखू येईना.

“कुणाला बघायचंय, या माझ्याबरोबर. अ‍ॅनाचा नळ दाखवते!”

आणि ती खरोखरच निघाली, कामगारांच्या पायवाटेने, कमरेला चाव्यांचा जुडगा खुळखुळत. मागे पंधरावीस माणसं. तिने झुडपं बाजूला करून रंगवलेला नळ दाखवला. टाकी दाखवली. पंप दाखवला, तो अजून कोरडाच घरघरत होता आणि जळका वास सुटला होता. ऑरेलियो धावत तो बंद करायला आला होता. त्याने तिच्याकडे बघितलं, तिच्या मागच्या माणसांकडे बघितलं, आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

“झालं?” तो म्हणाला.

“झालं,” ती म्हणाली. “आता यांना त्या निळ्या खोल्या दाखवते. दारं उघडून.”

प्रेस्टन खाली वाट बघत होता. चारचौघांत त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाला, “थिर्झा, आपण कुटुंब होतो.”

“हात काढ,” ती म्हणाली. “मी दिवसभर विष्ठेत हात घालते, पण असला हात अंगावर नको.”

त्याच दिवशी तिने चाव्या टेबलावर ठेवल्या. दोन खोल्या रिकाम्या करायला तिला आठवडाही लागला नाही; सामान होतंच किती.

इथे गोष्ट संपती तर बरं झालं असतं. थिर्झालाही तसंच वाटलं होतं. लोकांनी फोनवर काढलेली ती चित्रं सगळीकडे पसरली. वर्तमानपत्रवाले आले, कंपनीने खेद व्यक्त केला, चौकशी बसली. गावातल्या लोकांनी तिला रस्त्यात थांबवून शाबासकी दिली, काहींनी तोंडं फिरवली, कारण त्यांची पोरं उद्यानात कामाला होती. आणि मग पुढच्या उन्हाळ्यात माणसांची अशी झुंबड उडाली की तशी कधी उडाली नव्हती. लोक आता खोटी अ‍ॅनाच बघायला येत होते. नळाशेजारी उभं राहून फोटो काढत होते, नळाला मिठी मारत होते. कंपनीने झुडपं छाटली, नळाला उजळ लाल रंग दिला, पंपापाशी एक मोठं बटण बसवलं, आणि जास्तीचं तिकीट काढणाऱ्याला ते बटण स्वतः दाबायची मुभा दिली. ‘अ‍ॅनाला तुम्हीच सोडा!’ प्रेस्टनला बढती मिळाली. ओहायोची ती बाई पुन्हा आली असेल तर तिची इच्छा पुरी झाली असेल.

थिर्झा तोवर गावातल्या बेकरीत लागली होती. पहाटे पेस्ट्यांचं पीठ मळायचं, कडा मुरडायच्या, भट्टी सांभाळायची. पर्यटक तिथेही यायचेच. त्यांच्यातला एकजण, अंगात लाल नळाचं चित्र असलेला सदरा, पेस्टी चावत तिला म्हणाला, “मावशी, तो गमतीचा धबधबा कुठल्या बाजूला?”

“सरळ वर जा,” थिर्झा म्हणाली. “वास आला की थांबा.”

त्याला तो विनोद वाटला. तो खळखळून हसला आणि पिठाच्या ओट्यावर खरकटा कागद टाकून गेला. तिने तो चिमट्याने उचलला.

ओपल सॅडलर त्या उन्हाळ्यापाठोपाठच्या शरद ऋतूत वारली. लेलँडने बेकरीचा नंबर शोधून काढून ते फोनवर कळवलं. तो कशासाठी फोन करतोय हे त्याला स्वतःलाच नीट माहीत नव्हतं. म्हणाला, “मी त्या दिवशी तुमच्यावर ओरडलो.” ती म्हणाली, “ओरडायला माणूस चुकीचं धरलंत, एवढंच.” “राख इकडे आणू नका,” ती शेवटी म्हणाली. “इथल्या पाण्यात काही टाकू नका. तुमच्या अंगणात एखादं झाड असेल तर बघा.” तो म्हणाला, नासपतीचं आहे.

जानेवारीत थोडा बर्फ पडला आणि गाव हुरळलं. त्याच बर्फावर तीन दिवस कोमट पाऊस कोसळला. तिसऱ्या दिवशी दुपारी ऑरेलियो ओल्या टोपीने बेकरीच्या मागच्या दाराशी उभा राहिला.

“चल. अ‍ॅना आलीय.”

“कुठली?”

“खरी. चल म्हणतो ना.”

उद्यान बंद होतं, रस्त्यावर दरड आली होती. दोघं कुंपणाच्या फटीतून आत गेली आणि चिखलातून वर चढली. त्याचे गुडघे कुरकुरत होते, तिला दम लागत होता. कठड्याशी पोचली तेव्हा बोलणं अशक्य होतं. अ‍ॅना कोसळत होती. पण रंग चहाच्या गाळासारखा. वरची जंगलं दोन उन्हाळ्यांपूर्वी जळाली होती, तिथली राख, माती, काळे ओंडके, मेलेलं हरीण, प्लास्टिक, सगळं घेऊन ती खाली येत होती. साऱ्या उन्हाळ्याचं पाणी तीन दिवसांत ओकून टाकत होती, आणि ते बघायला, जपायला, अडवायला कुणी नव्हतं. तुषार अंगावर आले ते चिखलाचे.

थिर्झाला आनंद व्हायला हवा होता. तिने वाट बघितली, होतो का म्हणून. पण लहानपणापासून आपल्याला मांडीवर घेणाऱ्या बाईला भर रस्त्यात झिंगून, कपड्यांचं भान सुटून पडलेलं बघावं, तसं तिला वाटत राहिलं. राग त्या बाईचा नव्हता. तिला ही पाळी आणणाऱ्यांचा होता, आणि ते कुठे एके ठिकाणी सापडत नव्हते. ते सगळीकडे होते. तीही त्यांच्यातच होती, तिची भट्टी, ऑरेलियोचा धूर ओकणारा जुना ट्रक, सगळंच.

“वरातीमागून घोडं,” खाली उतरताना ती म्हणाली. “मे महिन्यात काय येणार आता?”

“लाल नळ आहे की,” ऑरेलियो म्हणाला.

ती रस्त्याच्या कडेला थुंकली.

बेकरीच्या मागच्या दाराशी तिने बादली घेतली आणि आधी त्याचे, मग स्वतःचे बूट धुवायला बसली. राखेचा चिखल तो, तेलकट, शिवणीत शिरलेला. ऑरेलियो म्हणाला, राहू दे, वाळला की आपोआप गळेल. ती म्हणाली, नाही गळणार, आणि ब्रश घासत राहिली.